वरातीतली गाडी

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापुरात आमच्या शिवाजी पेठेत ते आधी नाकाला कळतं. दिवाळी होऊन गेलेली असते, सकाळी गल्लीत पातळ धुकं उतरलेलं असतं, आणि वारं कारखान्याकडून फिरलं की मळीचा वास येतो. आंबट, गोडसर, आत कुठंतरी कुजलेला. उसातली साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या काळ्या, चिकट पाकाचा वास. बाहेरगावचा पाहुणा नाकाला रुमाल लावतो. पेठेतली माणसं खूश होऊन म्हणतात, "हंगाम जोरात हाय यंदा."

मला मळमळतं. चौतीस वर्षं झाली, दर हंगामाला मळमळतं. बायको म्हणते, पित्त आहे. मीही तसंच सांगतो आणि सकाळी उठून आल्याचा तुकडा चघळतो.

आमचं घर तालमीच्या मागच्या गल्लीत आहे. खाली पुढच्या खोलीत माझा छापखाना, लग्नपत्रिका छापतो. मागच्या खोलीत माझी थोरली बहीण राहते, शोभाअक्का. ती ब्लाउज शिवते. पेठेत तिच्या हाताच्या ब्लाउजाला नाव आहे. घराच्या कडेला एक अरुंद बोळ आहे, वर पत्रा टाकलेला. त्या बोळात चौतीस वर्षं एक मोटरसायकल उभी होती.

उभी होती म्हणणंही जास्तच झालं. आधी तिच्यावर पोती टाकली, मग मी चुकलेल्या पत्रिकांचे गठ्ठे टाकले. चूक नवऱ्याच्या नावात असो की मुहूर्तात, सगळे गठ्ठे तिच्यावरच. हळूहळू गाडी दिसेनाशी झाली. नुसता ढीग. त्या ढिगाखाली काय आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याचं नाव काढत नव्हतं.

यंदा गटारीचं काम निघालं. बोळ मोकळा करा म्हणून महापालिकेचा माणूस सांगून गेला. मी भंगारवाल्याला फोन केला. तो हातगाडा घेऊन दारात आला तेव्हा अक्का शिवणावरून उठली, तोंडातली टाचणी काढली आणि म्हणाली,

"भंगारात न्हाय जायाची ती."

"मग काय करायचं अक्का? गंजून माती झाल्या."

"चालू करून दे मला."

"चालू करून काय करणार तू?"

"दे म्हटलं की," ती म्हणाली आणि परत मशीनवर जाऊन बसली.

चौतीस वर्षांत अक्कानं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही.

---

ढीग उपसायला मी एकटाच लागलो. वरचे गठ्ठे नुसते धुळीचे होते. खालचे ओले, एकमेकांना चिकटलेले. त्यांच्याखाली पोती, आणि पोत्यांखाली तो वास. उंदरांच्या मुताचा वास इतक्या वर्षांत सुकत नाही. तो घट्ट होतो आणि उघडल्याबरोबर डोळ्यांत जातो. सीटचं कातडं फाटलेलं होतं आणि आतल्या फोमात उंदरांनी घर केलं होतं, माझ्याच पत्रिका कुरतडून. गुलाबी, पिवळे, सोनेरी काठाचे बारीक तुकडे. त्यात चार पिल्लं, केव्हाची मेलेली, वाळून चिंचोक्याएवढी झालेली. मी ती कागदावर घेतली आणि गटारीपर्यंत गेलो, आणि तिथंच मला उलटी झाली.

सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. टाकीचं झाकण पिळून उघडलं तर आतून वार्निशसारखा भपकारा आला आणि तळाशी तपकिरी गाळ. इंजिनाच्या खाली जमिनीवर तेल गळून गळून थिजलं होतं. काळं, चिकट, बोटाला लागलं की सुटेना. मी तीन वेळा साबणानं हात धुतले. संध्याकाळी भाकरी मोडायला बसलो तर बोटांना वास तसाच. ताटावरून उठलो.

गाडी जड होती. दोन सायलेन्सरची, एकाच दांड्यानं किक मारायची आणि त्याच दांड्यानं गिअर टाकायचे अशी. तिची किल्ली खिळ्यासारखी असायची. ती किल्ली माझ्या टेबलाच्या खणात होती. एवढी वर्षं होती, हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

---

गाडी अक्काच्या लग्नातली. दाजींकडच्यांनी बाकी काही मागितलं नाही म्हणून आबा, म्हणजे आमचे वडील, पेठभर कौतुक सांगत फिरले होते. "नुसती गाडी म्हणाले बघा. माणसं सज्जन हायत." आबा उद्यमनगरात एका फाउंड्रीत ओतकाम करायचे. आईच्या पाटल्या त्या महिन्यात दिसेनाशा झाल्या. गाडी दारात आली तेव्हा लाल-काळी, नुसती झळाळत होती. वरातीत दाजी तिच्यावर बसले आणि पेठेतली सगळी पोरं नवरी सोडून गाडीकडं बघत राहिली. मीही त्यातलाच. मी तेव्हा बारावीला होतो.

कागद आबांच्या नावावर केलेले होते. "करू की नंतर नावावर, घाई काय," असं आबा म्हणाले होते आणि ते राहूनच गेलं.

दाजींचं गाव कुरुंदवाड. घरचा ऊस, गुऱ्हाळ, गोठा. लग्न झालं आणि लगोलग हंगाम सुरू झाला. दाजी आठवड्यातून एकदा कामासाठी कोल्हापूरला यायचे. गल्लीच्या तोंडाशी दोन सायलेन्सरचा तो फुटका आवाज आला की मी वही मिटून पळायचो. दाजी मला मागं बसवून रंकाळ्याला चक्कर मारून आणायचे. उसाच्या बैलगाड्यांच्या रांगा रस्त्याच्या कडेनं चाललेल्या असायच्या आणि आम्ही त्यांच्या अंगावर निळा धूर सोडत पुढं जायचो. टू-स्ट्रोकचा धूर, तेल मिसळलेल्या पेट्रोलचा. जगात याहून चांगला वास नाही असं मला तेव्हा वाटायचं. ते लिहितानाही आता लाज वाटते.

अक्का कशी आहे, हे मी दाजींना विचारायचो नाही. ते आपणहून म्हणायचे, "बरी हाय तुझी अक्का. जरा तोंडाळ हाय एवढंच."

---

इकबालभाईंचं गॅरेज आमच्या गल्लीपासून पाच मिनिटांवर आहे. त्यांचे वडीलही याच गाड्यांची कामं करायचे. इकबालभाई सत्तरीला आलेत, तरी हात थरथरत नाही. आम्ही चौघांनी ढकलत नेलेली गाडी त्यांनी दारातच थांबवली, भोवतीनं एक चक्कर मारली आणि चाकाला हात लावला.

"मेलेली न्हाय ओ सदाभाऊ," ते म्हणाले. "रुसून बसलीया नुसती."

त्यांनी प्लग काढून त्या भोकातून तेल सोडलं आणि चार दिवस गाडीला हात लावला नाही. आत पिस्टन धरून बसला होता. पाचव्या दिवशी गिअर टाकून मागचं चाक पुढं-मागं हलवायला लागले. तासभर काहीच नाही. मग आतून एक बारीक 'कर्र' आलं, आणि पिस्टन सुटला. जमलेली माणसं हुश्श झाली.

हो, माणसं जमायची. हे मला अपेक्षित नव्हतं. गॅरेजसमोरनं जाणारा प्रत्येक जण थांबायचा. "काय पीस हाय राव!" "आमच्या काकाकडं हुती असली." "पावणं, द्यायची हाय का?" एकानं उकिडवं बसून टाकीला मिठी मारली आणि मित्राला म्हणाला, काढ रील. त्याचा गाल टाकीवर टेकलेला बघून माझ्या अंगावर शहारा आला. ओरडून सांगावंसं वाटलं, बाजूला हो, घाण आहे ती. पण काय घाण आहे, हे सांगावं लागलं असतं.

अक्का रोज दुपारी यायची. जेवण आवरलं की आपल्या मोपेडवरून येऊन कडेच्या स्टुलावर बसायची. सोबत हातशिलाईचं काहीतरी असायचं, हुक लावणं, काज करणं. मधेच मान वर करून विचारायची, "हे काय हो?" इकबालभाई सांगायचे. हा कार्बोरेटर, ह्यो फ्लोट, इथनं पेट्रोल आत जातंय. ती ऐकून घ्यायची, आणि सुई पुन्हा चालू.

एक दिवस इकबालभाई सायलेन्सर हातात घेऊन म्हणाले, "ताई, ह्ये दोन्ही नवीन निकेल करून आणतो. आरशासारखं दिसतंय बघा."

"नको," अक्का म्हणाली. "ते हाय तसंच ऱ्हाऊ दे."

इकबालभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली नटांच्या डब्याकडं पाहिलं.

---

अक्काच्या लग्नाच्या वर्षी नाताळची सुट्टी लागली आणि मी कुरुंदवाडला गेलो. अक्काला भेटायला म्हणून, असं आईला सांगितलं. खरं तर गाडीसाठी.

गुऱ्हाळ जोरात चालू होतं. कढईतला रस उकळत होता, वरची काळपट फेसाळ मळी काढून कडेला टाकत होते, तिच्यावर माश्यांचा थर. मला गरम काकवी दिली, ताज्या गुळाचा खडा दिला. गोड खाऊन खाऊन जीभ बधिर झाली. अक्का गुऱ्हाळावर माणसांच्या भाकरी घेऊन आली होती. तिनं पाटी उतरवली, मला बघून हसली आणि उकिडवी बसली. बसताना तोंडातून 'हाय' निघालं. लुगड्याचा काठ वर सरकला आणि मला तिच्या पोटऱ्या दिसल्या.

दोन्ही पोटऱ्यांवर चट्टे होते. लांबट, तांबडे, एकाला पाणी सुटलेलं. एका उंचीवर.

"काय झालं गं?"

"सायलेन्सर लागला," ती म्हणाली आणि काठ खाली ओढला.

मी गाडीवर बसणारा पोरगा होतो. सायलेन्सरचा चटका मलाही एकदा लागला होता. एकदा लागला की माणूस जन्मभर पाय लांब धरतो. आणि अक्का दाजींच्या मागं एका बाजूला पाय सोडून बसायची. मग चटके दोन्ही पायांना कसे? एका उंचीवर कसे? हा हिशेब मी पुढं मोठं झाल्यावर केला, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. तो हिशेब तिथंच, गुळाचा खडा तोंडात असतानाच झाला होता. मी तो खडा गिळला.

दुसऱ्या दिवशी दाजींनी मला गाडीवरून शेताच्या रस्त्यानं नेलं. उसाच्या दोन फडांमध्ये थांबवली. इंजिन बंद केलं. तोडीला आलेल्या उसाची पानं वाऱ्यानं एकमेकांवर घासत होती.

"सदा," ते म्हणाले, "तुझ्या अक्काला जरा समजावून सांग. म्हणावं, माह्यारचं तोंड सासरी चालत न्हाय. घरातल्या गोष्टी गावभर करायच्या नसत्यात. तू सांगितलंस तर ऐकंल ती."

त्यांनी खिळ्यासारखी ती किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"सांगून ये. मग घाटापतुर एकटा जाऊन ये जा."

तोपर्यंत मला कुणी एकट्याला गाडी दिलेली नव्हती.

अक्का गोठ्यात शेण भरत होती. मी दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. दाजींचे शब्द जसेच्या तसे, फक्त 'दाजी म्हणाले' एवढं गाळून. तू जास्त बोलू नकोस. घरातलं बाहेर सांगू नकोस. माझ्या मुठीत किल्ली होती. अक्कानं शेणाचे हात तसेच पुढं धरून माझ्याकडं पाहिलं.

"बरं," ती म्हणाली.

मी घाटापर्यंत गेलो. नदी संथ होती, पलीकडं काठावर कुणी म्हशी धूत होतं. मी तिथं थांबलोही नाही. गाडी वळवली आणि तसाच आणखी एकदा गेलो.

---

हंगाम संपत आला तेव्हा अक्का एकटीच एसटीनं घरी आली. एक पिशवी होती हातात. आईला तिनं पाय दाखवले. आई ओरडली नाही, काही नाही, नुसती चुलीपुढं बसून राहिली. आबांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तालमीतली चार माणसं आणि एक टेम्पो घेऊन ते कुरुंदवाडला निघाले. मलाही नेलं.

तिथं आरडाओरडा झाला. दाजी घरात नव्हते. त्यांचे वडील अंगणात उभे राहून शिव्या देत होते. आबांनी गाडीची कागदं बाहेर काढली. "माझ्या नावावर हाय गाडी. नेणार म्हंजे नेणार." झालं. सगळा तंटा गाडीवर येऊन थांबला. कोण धरतंय, कोण ओढतंय. शेवटी आबा जिंकले. टेम्पोत चढवायला फळी नव्हती म्हणून ते मला म्हणाले, "तुला येती की चालवाय. घे."

मी ती कुरुंदवाडहून कोल्हापूरपर्यंत चालवत आणली. आयुष्यातली माझी सगळ्यात लांब सवारी. ऊन उतरलं होतं, रस्त्याच्या कडेला रिकामे फड, वाऱ्याला पाचट जाळल्याचा वास. मला फार मजा आली. हे मी आजवर कुणापुढं बोललो नव्हतो. बहिणीचा संसार मोडून घरी येत होता आणि मी वळणावर गाडी कलती करून बघत होतो.

पेठेत शिरलो तर पोरांनी टाळ्या वाजवल्या, फुटबॉलची मॅच मारून आल्यासारख्या. कुणीतरी माझ्या कपाळाला गुलाल लावला. "आणली गाडी! आणली!" आबा टेम्पोतून उतरले, छाती काढून. अक्का दारात आली. तिनं टेम्पोत डोकावून पाहिलं. टेम्पो रिकामा होता.

"माझं शिलाईचं मशीन?" तिनं विचारलं.

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मशीन, तिची भांडी, तिचे कपडे. काहीच नाही. सहा पुरुष आणि एक टेम्पो जाऊन गाडी घेऊन आले होते.

त्यानंतर आबांनी गाडी बोळात लावली आणि कुणाला हात लावू दिला नाही. विकायचीही नाही. विकली तर लोक विचारतील. चालवायचीही नाही. चालवली तरी विचारतील. अक्काबद्दल घरात एकच वाक्य ठरलं. "तिचं जमलं न्हाय." उंचीला न बसलेल्या झग्याबद्दल बोलावं तसं. गल्ली तेवढ्यावर गप्प बसली. अक्कानं एका शिंप्याकडं काज-बटणं करत जुनं मशीन घेतलं. आई गेली, आबा गेले. दाजींनी दुसरं लग्न केलं होतं, तेही गेले. पेपरातल्या छोट्या फोटोवरून ते मला कळलं. मी पेपर अक्कापुढं ठेवला. तिनं वाचला, घडी घातली आणि त्यावर कापड ठेवून खडूनं आखायला घेतलं.

---

गाडी चालू झाली त्या दिवशी गॅरेजसमोर बरीच गर्दी होती. नवीन टायर, नव्या वायरी, टाकी खडे घालून धुतलेली. रंग तेवढा जुनाच. मी खणातून आणलेली किल्ली पुढं केली तेव्हा इकबालभाई म्हणाले, "अरे, ओरिजनल! कुठं सापडली?" अक्कानं किल्लीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

इकबालभाईंनी किक मारली. एकदा, दोनदा, दहा वेळा. मग बाजूला झाले. "सदाभाऊ, तुम्ही मारा. माझा गुडघा ऐकंना."

मी मारली. तिसऱ्या किकला आत काहीतरी पेटलं, खोकलं, विझलं. चौथ्याला ती सुरू झाली.

दोन सायलेन्सरचा तो फुटका आवाज गल्लीत भरला. निळा धूर सुटला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझा उजवा हात आपोआप मुठीवर गेला, आणि मुठीनं आवाज वाढवला, आणि मला आतून इतका आनंद झाला की मी हसलो. सतराव्या वर्षी हसलो असेन तसाच. अंगाला काही कळत नाही. उंदरांची पिल्लं, चट्टे, शेणाचे हात, सगळं ठाऊक असून माझं अंग हसलं. त्या क्षणाइतकी किळस मला बोळातल्या घाणीचीही आली नव्हती.

मी मान वर केली. अक्का स्टुलावरून उठून समोर येऊन उभी होती. आवाज मोठा होता, तरी तिचं बोलणं मला नीट ऐकू आलं.

"असाच हसत आलतास तू गोठ्यात."

मी गाडी बंद केली.

"अक्का, ते... ते दाजींनी मला सांगितलं होतं. मी माझं नव्हतो बोलत."

"ठाऊक हाय मला. शब्द त्यांचंच हुतं. मला रोज ऐकून पाठ झालतं. तू आल्यावर मला वाटलं हुतं, तुला दाखवावं. आबांना सांग म्हणावं. तेवढ्यात तू बोलाय लागलास."

माणसं आजूबाजूला होती. कुणी फोटो काढत होतं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याचीही किळस आली. तेवढ्या लोकांत पाया पडणं म्हणजे पुन्हा माझंच कौतुक. मी चिंधी घेतली आणि उगीच हात पुसत राहिलो.

---

कागदांसाठी मी परिवहन कार्यालयात खेटे घातले, ते झालं. गाडी गॅरेजबाहेर उभी राहू लागली आणि घ्यायला येणारे वाढले. अक्का म्हणाली, "येऊ दे. पण बोलणार मी."

रविवारी पुण्याहून एक गृहस्थ आले. पांढरे बूट, अंगात जाकीट, बोलणं मऊ. त्यांच्याकडं म्हणे अशा सात-आठ गाड्या आहेत. ते गाडीजवळ गुडघे टेकून बसले, हात न लावता बघत राहिले. इकबालभाई मागं ग्राइंडरवर काहीतरी घासत होते. मी खुर्च्या मांडल्या. चहा आला.

"ताई, गाडी अप्रतिम आहे," ते म्हणाले. "रंगसुद्धा मूळचा. फक्त एक विचारू? हिला काही इतिहास आहे का? म्हणजे कुणाची, कुठं फिरली. मला तेच आवडतं. नुसतं लोखंड काय, कुठंही मिळतं."

अक्कानं कपातला चहा संपवला. कप खाली ठेवला.

"हाय की," ती म्हणाली. "बसा."

आणि तिनं सांगितलं. वरात सांगितली. कुरुंदवाड सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. ब्लाउजाची मापं सांगावीत तसं एकामागून एक. मग वाकून साडीचा काठ वर केला. चट्टे आता पांढरट झालेत, चामडी तिथं कागदासारखी पातळ. "एक माणूस पाय धरायचा, एक सायलेन्सरवर दाबायचा," ती म्हणाली. "गाडी आधी गरम करून घ्यायला लागती. म्हणून गावात एक चक्कर मारून यायचे."

पाय धरणारं कोण होतं, हे तिनं सांगितलं नाही. चौतीस वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. आमच्याच घरात, एका भिंतीपलीकडं राहून.

ते गृहस्थ पांढरे पडले. त्यांचा हात सायलेन्सरजवळ होता, तो त्यांनी मांडीवर घेतला आणि रुमालानं पुसायला लागले. बोटंन् बोटं. बराच वेळ.

"सॉरी ताई," ते म्हणाले. "मला कल्पना... तुम्ही काळजी करू नका. हे मी कुणालाही सांगणार नाही."

"का?" अक्का म्हणाली. "सांगा की. त्यासाठीच चालू केलीया. बंद हुती तोवर कुणी इच्चारलं न्हाय. मला तर न्हाईच न्हाई. आता रस्त्यावरनं जाणारा बी थांबून इच्चारतोय, कुणाची हाय, कुठली हाय. मग सांगायचं."

गॅरेजच्या दारात दोघं-तिघं उभे होते, पेठेतलेच. त्यातला एक त्या दिवशी आबांबरोबर टेम्पोतनं कुरुंदवाडला आला होता. आता म्हातारा झालाय, काठी घेऊन चालतो. तो जायला वळला. अक्कानं त्याला हाक मारली, "काका, थांबा वाईच." तो थांबला.

मग तिनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यो माझा धाकटा भाऊ. ह्याच्याकडं बी हाय थोडा इतिहास. ह्यालाबी इच्चारा."

त्या गृहस्थांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना विचारायचं नव्हतं, ते दिसत होतं. त्यांना उठून गाडीत बसून पुण्याचा रस्ता धरायचा होता. बाहेर वारं फिरलं आणि मळीचा वास आत आला. मी खुर्चीची कड धरली.

"नाताळची सुट्टी होती," मी म्हणालो. "मी कुरुंदवाडला गेलतो. दाजींनी मला किल्ली दिली, आणि..."

मागं इकबालभाईंनी ग्राइंडर बंद केला.

"मोठ्यानं बोल," अक्का म्हणाली. "दारात ऐकू येईना."